रनआउट

त्र्यंबक रोडवरचं कॉलेज, तिसरा मजला,
सहा आठवडे, सहा क्रेडिट, दिवसातून दोन सह्या.
मी आले ती सक्ती होती म्हणून.
माझं मशीन सातपूरच्या लॅबमध्ये चालूच ठेवून आले :
ॲल्युमिनियमची पट्टी वाकवतंय, सरळ करतंय, वाकवतंय,
सेकंदाला तीस वेळा.

पहिल्या दिवशी कर्डक मॅडम म्हणाल्या,
फळ्यावर एक शब्द लिहा. तुमच्या कामातला, रोजचा.
रोहिदास भोयेनं लिहिलं, गाळ.
तो सुरगाण्याचा; गंगापूर धरणाचा तळ मोजतो.
फरहीन पिंजारीनं लिहिलं, गोंगाट.
तिला म्हणायचा होता सिग्नलमधला,
रोहिदासला वाटलं द्वारका चौकातला,
दोघांचं त्यावर अर्धा तास जुंपलं.
निकुंभनं इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि आपणच पुसलं.
मी लिहिलं, थकवा.
वर्ग हसला. चौथं वर्ष ना, मागून कुणीतरी म्हणालं.
धातूचा, मी म्हणाले. धातूचा.

मग संख्याशास्त्र, मग संशोधनातली नीतिमत्ता,
मग पेटंटचे एक वकील, अडीच तास.
त्यांच्या मते आमच्यातल्या कुणीच
अजून काही शोधलेलं नव्हतं.
खोटं कसं म्हणायचं?

एका शनिवारी भांडीबाजारामागे नेलं,
जिथे अजून दोन-तीन ऐरणी बोलतात.
दिनानाथ तांबटांनी घंगाळ फिरवत फिरवत ठोकलं
आणि मध्येच हातोडी खाली ठेवली.
'आता हे आडमुठं झालं. आणखी मारलं तर चिरेल.
भट्टी दाखवली, की मऊ होतं,
मग पुन्हा सांगितलेलं ऐकतं.'
मी तोंड उघडलं :
काका, हा थकवा नव्हे, ह्याला वर्क हार्डनिंग म्हणतात,
दोन निराळे धडे आहेत, मधे साठ पानं—
फरहीननं कोपर मारलं.
ती ठोक्यांचा आवाज फोनवर टिपत होती.

रात्री वसतिगृहाच्या जिन्यात तिनं आलेख दाखवला.
ते थांबले त्याच्या अकरा ठोके आधीच
सूर बदललेला होता.
त्यांना कसं कळलं, तिला सांगता येईना,
मलाही येईना.
रोहिदास खालच्या पायरीवरून म्हणाला, कान.
आणि पाव तोडून उरलेल्या मिसळीत बुडवला.

मधूनच गाइडचा फोन. 'कितीला तुटली?'
नाही तुटली अजून, सर.
'बरं,' म्हणाले, म्हणजे बरं नाही.

शेवटच्या दिवशी तीन मिनिटं.
स्वतःच्या विषयातला एकही शब्द वापरायचा नाही,
आणि परीक्षक, कॅन्टीनच्या हौसाबाई.
पोह्यांचे हात पदराला पुसत
त्या पहिल्या बाकावर बसल्या, जरा अवघडून.

रोहिदास म्हणाला, पावसात माती धरणात येऊन बसते,
उठायचं नाव घेत नाही.
मी तिला विचारतो, कुठल्या डोंगरावरनं आलीस.
'आमच्याकडचीच असंल,' हौसाबाई म्हणाल्या,
आणि त्याला दहापैकी नऊ.

मी म्हणाले, मी एक पट्टी वाकवते.
पुन्हा पुन्हा, इतकी हलके की तिला लागूसुद्धा नये.
तरी एक दिवस तुटते.
का तुटते, ते बघते.

'आन् नाहीच तुटली तर?'

तीन मिनिटं केव्हाच संपली होती.
कर्डक मॅडमनी घंटी हातात धरून ठेवली.

नाही तुटली तर एक कोटीपर्यंत वाट बघतो, बाई.
मग मशीन आम्हीच बंद करतो.
त्याला रनआउट म्हणतात.
'म्हंजे बाद?'
नाही. आमच्यात रनआउट म्हणजे नाबाद.
कागदावर तिच्या ठिपक्याला
उजव्या अंगाला एक बारका बाण काढायचा,
बघणाऱ्याला कळावं
की थांबलो ते आपण,
ती नाही.

हौसाबाई उठल्या. 'चहा टाकते,' म्हणाल्या.
दारात थबकल्या.
'तो बाण तेवढा नीट काढ, पोरी.'